मागचे डबे तेवढे स्पष्ट

बाबा, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून हे लिहायला बसले आहे. गिऱ्हाईक आलंच तर त्याला वाटावं, बाई जेवायला गेली. लाइट गेली आहे. तुम्ही गेल्यापासून पुलगावात लाइट जायची वेळ पक्की ठरली आणि यायची मात्र कोणालाच ठाऊक नाही. कॉम्प्युटरवर एक व्हिडिओ सकाळपासून इंटरनेटवर चढत होता, तो अर्ध्यात मेला. आता लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्या वेळात म्हटलं, तुमच्याशी भांडून घ्यावं. किती वर्षं झाली, आपण नीट भांडलोच नाही. तुम्ही असताना मी तोंड फुगवून बसायची आणि तुम्ही कॅमेऱ्याची काच पुसत बसायचे, याला काही भांडण म्हणत नाहीत.

इंटरनेट म्हणजे काय ते तुम्हाला समजावत बसत नाही, मलाही ते अर्धंच समजलं आहे. एवढंच धरून चाला की कॅसेट आता कोणाच्या हाती द्यावी लागत नाही. इथून चढवली की सौदीत बसलेला माणूस तिथं बसून बघतो. तुम्ही हे ऐकून पहिल्यांदा काय विचारलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. ‘अन् आणखी कोण कोण पाह्यते?’ अगदी हाच माझा प्रश्न होता. कॉम्प्युटर क्लासच्या मॅडमनं मला ते शिकवलं तेव्हा त्या मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, ‘ताई, सारं जग पाहीन तुमचे व्हिडिओ.’ मी म्हटलं, ‘जगाचं माझ्यापाशी काय काम हाये?’ त्यांना वाटलं मी गंमत करते. मी गंमत करत नव्हते. जो माणूस स्वतःचं नाव न सांगता दारातून डोकावतो त्याला आपण घरात घेत नाही. मग इथं काय म्हणून घ्यायचं? संशयी आहे मी, आणि हे माझ्यात कोणाकडून आलं ते वेगळं सांगायला नको.

तुम्ही तर मशीनवरही भरोसा ठेवला नाही. खांद्यावरचा तो मोठा कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदारानं सांगितलं होतं की फोकस आपोआप होतो, तुम्हाला काही करायचं नाही. तुम्ही घरी आणला आणि पहिलं ते बटण बंद केलं. ‘त्याले काय समजते, मले कोणाकडं पाहाचं हाये ते,’ म्हणाले. वरात लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या बाजूच्या रस्त्यानं जायची असली की आधीच काचेवर झाकण लावून टाकायचे. तिकडं कॅमेरा झाला तर पकडून नेतात, अशी तुमची समजूत. घोड्यावरचा नवरदेव ओरडायचा, ‘काका, काढा नं!’ आणि तुम्ही मान खाली घालून चालायचे, जणू खांद्यावर गॅसचं सिलेंडर आहे. मी मागून बॅटरीची पिशवी घेऊन हसत यायची. तेव्हा मी तुमच्यासोबत हसू शकत होते, हे आता आठवून नवल वाटतं.

आणि ती तुमची सवय. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही मांडव पाहायला म्हणून त्या घरी जायचे, पण मांडवाकडं बघायचेही नाही. घरच्या मोठ्या माणसाला गाठून विचारायचे, ‘कोण येऊन नाई राह्यलं?’ लग्नघरात कोण येणार ते सगळे विचारतात. कोण येणार नाही हे विचारणारा माणूस पाहून लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आंजीला एका म्हाताऱ्यानं तर तुमच्यावर काठीच उगारली होती. त्याचा मोठा मुलगा रुसून बसलेला, लग्नाला येणार नव्हता, आणि त्याला वाटलं हा फोटोवाला गावभर करायला विचारतो आहे. ‘तुमाले काय कराचं हाये? आमच्या घरचं भांडण कॅसेटीत काढता काय?’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘भांडण नाई मालक. जो मांडवात हाये त्यानं तं डोळ्यानं पाह्यलंच. जो आला नाई त्याच्यासाठीच मी काढतो. त्याचं नाव सांगा फक्त.’  म्हाताऱ्यानं काठी खाली टेकवून मुलाचं नाव सांगितलं. त्या लग्नात तुम्ही म्हाताऱ्याला किती वेळा काढलं! जेवताना, पाहुण्यांकडून पाया पडून घेताना, दाराकडं पुन्हा पुन्हा बघताना. मी म्हटलं, ‘बाबा, नवरी राहून राह्यली.’ तुम्ही म्हणालात, ‘त्या पोराले नवरी नाई पाहाची, बाप पाहाचा हाये.’

अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी काढायचं असलं की तुम्ही पंगतीत वाढलेलं पान न पान दाखवायचे, कारण आजी पहिल्यांदा विचारणार, बुंदी कोरडी होती का. फौजेतल्या भावासाठी काढायचं असलं की बहिणीचा चेहरा, जवळून, डोळ्यांतलं पाणी दिसेपर्यंत. तुमचे चेहरे कसे यायचे बाबा! नाकावरची चमकी वेगळी, घामाचा थेंब वेगळा. म्हणून तर माझ्या बाबतीत जे झालं त्यावर मला विश्वास ठेवता येईना. दुसऱ्या कोणाकडून झालं असतं तर मी चूक म्हणून सोडून दिलं असतं. तुमच्याकडून चूक होते, हे मी मानायलाच तयार नव्हते.

माझ्यासाठी स्थळ आलं होतं, तो मुलगा जामनगरला होता. आपल्याच जिल्ह्यातला, पण नोकरी तिकडं, सुट्टी मिळेना, आणि त्याच्या वर्ध्याच्या काकांनी निरोप पाठवला की पोरीची कॅसेट करून द्या, पसंत पडली तर पुढं बोलू. स्कूटरला टेकून उभा असलेला त्याचा फोटो आला होता. तुम्हाला सांगते, मला तो आवडला होता. त्याहून जास्त मला जामनगर आवडलं होतं, न बघताच. तिथून समुद्र जवळ आहे हे मी नकाशात बघून ठेवलं होतं. मला जायचं होतं बाबा. मांडवांमध्ये वायर ओढत फिरण्यातून, तुमच्या त्या दोन खोल्यांतून, या गावातून. हे तुम्हाला माहीत होतं. मी लपवलंच कुठं होतं? दिवसभर गुणगुणत होते.

शूटिंगच्या दिवशी तुम्ही आईला सगळे स्टीलचे डबे चिंचेनं घासायला लावले. तिच्या लग्नातले डबे, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. ते फळीवर ओळीनं मांडले आणि मला त्यांच्या पुढं पाटावर बसवलं. मी म्हटलं, ‘लग्न माझं जमवाचं हाये का डब्यायचं?’ आई हसली, तुम्ही हसला नाहीत. ‘चूप बस. जराशी मागं सरक. अजून मागं. डब्याले पाठ लागली पायजे. अन् पुढं वाकू नको.’ फोकसचं कडं तुम्ही किती वेळ फिरवत होता! इकडं, तिकडं, पुन्हा इकडं. शेवटी म्हणालात, ‘तो तुह्या समोर बसला हाये समज. मायाकडं पाहू नको, त्याले सांग तुले काय काय येते, काय आवडते.’ मी सांगत गेले. पातोडीची भाजी येते, हिशोब येतो, कॅमेऱ्याची लाइट लावता येते, समुद्र पाहायचा आहे. बोलण्याच्या भरात पुढं वाकलेही असेन. झाल्यावर तुम्ही टीव्हीला नाक लावून कॅसेट पाहिली. आई म्हणाली, ‘थोडं धुरकट दिसून राह्यलं काय हो?’ तुम्ही म्हणालात, ‘हेड खराब झालं हाये आपल्या व्हीसीआरचं. कॅसेट मस्त हाये.’ मला लाज वाटत होती म्हणून मी आत पळाले होते. काका त्याच दुपारच्या गाडीनं निघणार होते, तुम्ही स्वतः स्टेशनवर जाऊन त्यांच्या हातात ती दिली.

नकार आला तो साधा नकार नव्हता. काकांनी येऊन आईला विचारलं, ‘वहिनी, पोरीचं तोंड काऊन दिसून नाई राह्यलं कॅसेटीत? काही लपवून राह्यले काय? कोड-बिड?’  कॅसेट परत आली होती, ती मी लावली. मागचे डबे इतके स्पष्ट की त्यांच्यावर कोरलेली नावं वाचता येत होती. आईच्या मावशीचं नाव, कुठल्याशा मामांचं नाव. आणि त्यांच्या पुढं एक धुरकट मुलगी हात हलवत बोलत होती, तिला नाक कुठं आणि डोळे कुठं, ते कळत नव्हतं.  तुम्ही पलंगावर बसून काच पुसत होता. मी म्हटलं, ‘बाबा, हे तुमच्याकडून चुकून होत नाई. मुद्दाम केलं नं?’ तुम्ही मान वर केली नाही. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल, शपथ घ्याल, मशीनला शिव्या द्याल. तुम्ही कापडाची घडी घातली आणि म्हणालात, ‘हो. मुद्दामच केलं. मले तुले इतक्या दूर नाई पाठवाचं.’ एवढंच. मग उठून बाहेर गेलात आणि चप्पल घालताना उंबऱ्याला ठेचकाळलात. मी मनात म्हटलं, बरं झालं.

दुसऱ्यांदा काढून पाठवायची वेळ गेली होती. कोडाची गोष्ट वर्ध्याहून पुलगावला आली, पुलगावहून आर्वीला गेली. माझ्या अंगावर एक डाग नाही, पण बाही वर करून दाखवू का प्रत्येकाला? पुढं दोनचार स्थळं आली, त्यांच्या बायका माझ्या मानेकडं, कोपरांकडं बघत बसायच्या. मग मीच नाही म्हणायला लागले. आणि त्याच उन्हाळ्यात तुम्ही कॅमेरा माझ्या खांद्यावर ठेवला. ‘आता तू धर, म्या लय वर्सं केलं.’ तेव्हा माझ्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. अच्छा! म्हणजे यासाठी मला ठेवून घेतलं. फुकटची कॅमेरावाली पाहिजे होती. तुम्ही माझ्या बाजूला उभं राहून विचारायचे, ‘कसं दिसून राह्यलं सांग,’ तर मला वाटायचं माझी परीक्षा घेताय. घरी कॅसेट लावली की ‘हा कोण? अन् हे?’ करत बसायचे, मला वाटायचं मुद्दाम बोलायला लावताय, मी अबोला धरला म्हणून. पत्रिकेवरचा पत्ता मला वाचायला लावायचे तर मी ती तुमच्यापुढं टाकून द्यायची, वाचा तुम्हीच. महिन्या दोन महिन्यांनी एकटेच वर्ध्याला जायचे, कुठं जाता ते सांगायचे नाही. खरं सांगते, एकदा मला असंही वाटून गेलं की वर्ध्याला तुमचं दुसरं घर आहे. मग काळा चष्मा आला. विचारलं तर म्हणे मोतीबिंदू, पिकला की काढू. आणि तो पिकायच्या आधीच तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात. मी रडले, नाही असं नाही. पण राग काही गेला नाही. तेराव्यालाही मी तुमच्या फोटोकडं बघून मनात म्हटलं, डबे दिसतात का तिथून?

दुकान मात्र चालवलं. आणि तुमची ती सवय सोडली नाही, राग असूनही. इंटरनेटचं आलं तेव्हा मी आधी दोन महिने नुसती बघत बसले की लोक काय चढवतात. कोणी मांजर, कोणी स्वतःचाच नाच. कोणासाठी, ते त्यांनाच ठाऊक नाही. मग आंजीची एक बाई आली. तिची लेक नोकरीला बंगलोरला गेली होती आणि फोनवर विचारून विचारून पातोडी काही जमत नव्हती. मी म्हटलं, चला. तिच्या चुलीपाशी कॅमेरा लावला, तर ती बाई पदर सावरून टीव्हीवरच्या बातम्यांसारखी बोलायला लागली, ‘नमस्कार मंडळी.’ मी म्हटलं, ‘काकू, मंडळी गेली उडत. तुमची पोरगी दारात उभी हाये, ऑफिसातून उपाशी आली हाये. तिले सांगा.’ काय सांगू बाबा, ती बाई पोरीला रागवायलाच लागली! ‘बेसन एवढं पातळ काऊन करतं व? थापल्या गेलं पायजे नं ते. अन् रस्सा उकळल्याबिगर वड्या सोडू नको, विरघळतीन, मंग मले फोन करशीन.’ तेच मी चढवलं. पोरीला पातोडी जमली. खाली कुठल्या कुठल्या माणसांनी काय काय लिहिलं, छान आहे, आईची आठवण आली. मी प्रत्येक नाव संशयानं वाचलं. यांना कोणी बोलावलं होतं? पण ज्या पोरीसाठी काढलं तिच्यासाठी नीट निघालं की बाकीचे आपोआप बसून पाहतात, एवढं मला दिसलं. तेव्हापासून मुलगा पुण्याला, जावई दुबईला अशी माणसं माझ्याकडं येतात. मी आधी विचारते, कोण पाहणार आहे, त्याचं नाव सांगा. ‘सगळ्यायसाठीच हाये’ असं कोणी म्हटलं की मी त्याला चहा पाजून परत पाठवते.

आता खरी गोष्ट. या पंधरवड्यात नाचणगावची एक बाई तिच्या लग्नाची कॅसेट घेऊन आली. माझ्या कॅसेटच्याच सीझनमधलं लग्न, शूटिंग तुमचंच. तिचा भाऊ तेव्हापासून सौदीत आहे. लग्नाला येऊ शकला नव्हता, म्हणून तुम्ही ती त्याच्यासाठी काढली होती. पण तिकडं कॅसेट विमानतळावर काढून घेतात असं कोणीतरी सांगितलं आणि घरच्यांनी ती पाठवलीच नाही. कपाटात साड्यांखाली राहिली. आता भाऊ म्हणाला, इंटरनेटवर टाका, मला इथं पाहता येईल. मी वायर जोडली, कॅसेट लावली आणि तुम्ही शिकवलं तसं त्या भावाच्या जागी जाऊन बसले. बहीण कुठं आहे? मी तिला शोधायला लागले. बाबा, बहीण नाही! म्हणजे आहे, शालू आहे, बाशिंग आहे, बाशिंगाचा मणी न मणी दिसतो. चेहऱ्याच्या जागी धूर. मांडवाच्या ट्यूबलाइटा स्पष्ट. बँडवाल्याचं पितळी वाजंत्र इतकं स्पष्ट की त्यात मांडव उलटा दिसतो, आणि ते वाजवणारा धुरकट. मी त्या बाईला विचारलं, ‘तुमी कधी काही म्हटलं नाई?’ ती म्हणाली, ‘काय म्हणू? मस्तच तं हाये. पाहा, हे माह्यी मोठी आई.’ आणि तिनं एका पिवळ्या डागावर बोट ठेवलं. ती त्या दिवशी तिथं होती नं, तिला तिच्या मनातून सगळे चेहरे दिसतात. ज्यानं पाहिलं नव्हतं त्यालाच ते लागणार होते, आणि त्याच्यापर्यंत कॅसेट पोचलीच नाही.

माझं मन पहिल्यांदा कुठं गेलं असेल, ओळखा. वाटलं, या बाईनं बाबांचं काय घोडं मारलं होतं? हिचंही मुद्दाम बिघडवलं? इतका माझा संशय मुरलेला. मग मी फळीवरच्या त्या सीझनच्या बाकीच्या कॅसेटी काढल्या, धूळ झटकली, एकेक लावली. सगळीकडं तेच. जे चमकतं ते स्पष्ट. कळशी, झुंबर, कोणाच्या कपाळावरची टिकली, घोड्याच्या गळ्यातली घुंगरं. माणसं नाहीत. चहा समोर ठेवला होता, तो तसाच गार झाला. तुम्हाला तेवढंच दिसत होतं, हो ना? चकाकणाऱ्या वस्तूवर फोकस धरायचा आणि माणूस तिच्याजवळ असेल अशी आशा करायची. म्हणून ते डबे घासून घेतले. म्हणून ‘मागं सरक, डब्याले पाठ लागली पायजे.’ मला डब्यांच्या फोकसमध्ये बसवत होता तुम्ही, मी दिसावी म्हणून.

मी उठून घरात गेले आणि आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, ‘काचबिंदू होता. वर्ध्याच्या डाक्टरनं सांगतलं का गेलेलं परत येत नाई, राह्यलेलं सांभाळा.’ मी म्हटलं, ‘अन् तू मले इतकी वर्सं सांगतलं नाई?’ ‘त्यायनं मले तुह्यी शपथ घातलती. म्हने, शूटिंगवाल्याले दिसत नाई असं झालं तं कोण बोलावीन? अन् पोरीचं जमाचं हाये, लोक म्हनतीन आंधळ्याची पोरगी, तिचेयी डोळे जातीन. मले काय ठाऊक, त्याच्यानंच मोडन म्हनून.’ मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, ‘दुसऱ्याले बोलावलं असतं तं काय झालं असतं?’ ती म्हणाली, ‘तुह्या बापानं पोरीची कॅसेट दुसऱ्याकून काढली असती?’ आणि पुन्हा खडे वेचायला लागली. 

बाबा, तुम्हाला काय म्हणू मी! मी समोर उभी राहून विचारत होते. ‘मले दिसत नाई पोरी’ एवढं म्हणायला किती श्वास लागला असता? तुम्हाला लेकीच्या नजरेत दुष्ट ठरणं चाललं, पण फोकस चुकलेला शूटिंगवाला ठरणं चाललं नाही. काय ही ऐट! मी तुमच्या हाताला धरून वर्ध्याला नेलं असतं. पत्रिका वाचून दाखवल्या असत्या. ‘कसं दिसून राह्यलं’ विचारल्यावर नीट सांगितलं असतं, नवरी हसते आहे, तिच्या आईनं तोंड फिरवलं आहे, म्हातारा दाराकडं बघतो आहे. तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलंत. मला राग येतो तो आता याचा येतो, आणि रागात रडू येतं, आणि रडताना पुन्हा तुमचाच राग येतो. या वयात शोभत नाही, पण शटर खाली आहे, कोण बघतं?

त्या भावासाठी मी एक केलं. परवा नाचणगावला गेले, त्या बाईला अंगणात उजेडाकडं तोंड करून बसवलं आणि म्हटलं, भाऊ समोर आहे, बोला. ती आधी रडली, मग लग्नात कोणी काय खाल्लं, कोण रुसलं, मोठी आई कशी नाचली, सगळं सांगत बसली. तिचा चेहरा मी असा काढला आहे की तुम्ही पाठीवर थाप मारली असती. तो तुकडा तुमच्या कॅसेटच्या आधी जोडला आहे. तोच सकाळपासून चढतो आहे. मी भावाला खाली लिहून कळवणार होते की जुन्या कॅसेटमध्ये चेहरे का असे आहेत. लिहिलं नाही. तुमच्याबद्दल त्याला काय सांगायचं ते माझं मला ठरवू दे.

हे पत्र कोणाला पाठवायचं नाही, पाठवायला पत्ताही नाही, तेव्हा एक कबूल करून टाकते. इतकी वर्षं मी तुमचा राग केला, पण त्या रागाच्या पोटात एक गोष्ट मी फार जपून ठेवली होती. कोडाची कुजबुज ऐकून घरी यायची, बरोबरीच्या मुली लेकरं घेऊन माहेरी आलेल्या दिसायच्या, तेव्हा मी मनात म्हणायची, माझ्या बापाला मी इतकी पाहिजे होते की त्यानं माझं लग्न मोडलं. कोणाच्या बापानं केलं असतं? चीड यायची आणि बरंही वाटायचं. आता आईच्या एका वाक्यात ते निघून गेलं. तुम्ही मला पाठवायलाच निघाला होता, नीट, डबे घासून. म्हणून विचारते, आणि याचं उत्तर तुम्ही देणार नाही म्हणूनच विचारू शकते. बाकी सगळं खोटं असू द्या. ‘मले तुले इतक्या दूर नाई पाठवाचं,’ हे तेवढं खरं होतं का?